राखीव गोलकीपरचे वडील

जोतीराम खटके यांना लासुर्ण्यात सगळे जोतीआबा म्हणतात. त्यांचा ऊस आणि माझा ऊस कालव्याच्या एकाच चारीवर भिजतो, त्यामुळे हा माणूस किती सरळ आहे याचा सगळ्यात जास्त त्रास मला झालेला आहे. कालव्याला पाणी सुटलं की प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पाळी संपत आली की बाकीचे लोक शेवटच्या सरीपाशी उगाच रेंगाळतात, कुणाला पाण्याचं दार बंद करायचं सुचतच नाही. आबा वेळेआधीच दार बंद करतात आणि पुढच्याला हाक मारतात. पुढचा मी. हातातली भाकरी ताटात टाकून मला पळावं लागतं.

नड असेल तेव्हा मात्र आबा पाळी मागून घेतात. आमच्याकडची ती रीतच आहे. घरात लग्न असो, नव्या लागणीला ताण बसत असो, शेजाऱ्याच्या दारात जायचं, चहा घ्यायचा आणि म्हणायचं, एवढी पाळी मला द्या, पुढची माझी तुम्ही घ्या. सहसा कुणी नाही म्हणत नाही. घेतलेली पाळी फेडायला पुष्कळ जण विसरतात. आबांना विसरता येत नाही, तसा त्यांचा स्वभावच नाही.

त्यांचा मुलगा दिग्विजय उसाच्या बरोबरीनं वाढला आणि ऊस थांबला तरी वाढतच राहिला. वालचंदनगरच्या मैदानावर पोरांनी त्याला गोलात उभा केला, कारण मध्ये उभा केला तर मागच्यांना काही दिसायचं नाही. तिथून तो पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेला आणि तिथून गोव्याच्या मांडवी युनायटेड या क्लबात. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणारा क्लब. गावानं चौकात फ्लेक्स लावला. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते, फुटबॉल मध्यम होता आणि दिग्विजय कोपऱ्यात होता.

फ्लेक्सवर एवढंच लिहायचं राहिलं की तो राखीव गोलकीपर आहे. पहिला गोलकीपर मिझोरामचा, लालरेम नावाचा. बाकीचे खेळाडू दमतात, बदलतात. गोलकीपर दमत नाही. त्याला काही झालं तरच राखीव उठतो. आबा लालरेमला रेमराव म्हणायचे, कारण तो आपल्या पोराच्या आधीच्या पाळीचा माणूस.

कारखान्याचा गळीत हंगाम आणि लीगचा हंगाम साधारण एकाच वेळी चालतो. दिग्विजयचा हा तिसरा हंगाम. सुरू होतानाच त्यानं फोनवर सांगितलं, "आबा, करार औंदा संपतोय. एकबी मॅच न खेळलेला गोलकीपर हितं कुणी ठेवत न्हाय. औंदा उतरलो न्हाय तर मी घरी."

"येऊ दे की," त्याची आई, प्रयागबाई, म्हणाल्या. "कारल्याच्या तोडणीला माणूस मिळंना." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि रडल्या. मी दारातच होतो, मला ऐकू आलं.

मग दर मॅचला आम्ही आबांच्या टीव्हीपुढे. मॅच दिसायची कमी, आम्ही बाकडं शोधायचो जास्त. कॅमेरा बाकड्यावरून फिरला की सगळे ओरडायचे, "दिसला, दिसला!" बाकडं दाखवल्यावर एवढा जल्लोष करणारं गाव देशात दुसरं नसावं. लालरेम मात्र काही केल्या चुकेना. टीव्हीपुढच्या घोळक्यातला गेणू म्हणाला, "मोरगावला नवस बोला, त्याचा पाय मोडू दे म्हणून." प्रयागबाईंनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. "त्येलाबी आई हाय," म्हणाल्या. गेणू त्यानंतर चहा घरून पिऊन येऊ लागला.

आमचा ऊस तुटून गेला तरी पोरगं बाकड्यावरच. तेवढ्यात मांडवीची मॅच पुण्याला लागली. आबा मला म्हणाले, "गाडी काढा. रेमरावाकडं जाऊन पाळी मागू."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. ही चारी नव्हे, इथं मालक वेगळा, प्रशिक्षक वेगळा. आबांचं म्हणणं एकच, "पाणीबी सरकारचंच असतंय की. पण पाळी आपली असती." मी गाडी काढली.

हॉटेलात दिग्विजयनं आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. लालरेम शांत, बुटक्या बांध्याचा माणूस. गुडघ्यावर जुन्या ऑपरेशनचा व्रण. आबांनी डाळिंबाची पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि हिंदीत सुरुवात केली, "रेमराव, हमारा पोरगा बाकडेपे बैठके कंटाळ गया. आपला एक पाळी उसको देव. हम फेडेंगे."

दिग्विजय खिडकीबाहेर बघायला लागला. मला चारी, पाणी, पाळी सगळं समजावून सांगावं लागलं. लालरेम हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं डाळिंब फोडलं, दाणे खाल्ले आणि विचारलं, "वापस कब दोगे?"

"तुम बोलोगे तब," आबा म्हणाले.

त्या संध्याकाळी तो पूर्ण मॅच खेळला आणि नेहमीपेक्षा चांगला खेळला. परतताना मी चिडलो होतो. डाळिंबं फुकट गेली, असं मी बोलूनही दाखवलं. आबा म्हणाले, "आज त्याचंच रान सुकलं असंल." आणि झोपले.

हंगामातली शेवटची मॅच गोव्यात होती. मांडवीला ना बक्षीस मिळणार होतं, ना काही गमावायचं होतं. दोन गोलांनी ते पुढे होते. मॅच संपायला थोडा वेळ उरला असताना लालरेम गुडघा धरून खाली बसला. दोघांनी त्याला धरून बाहेर नेलं आणि दिग्विजय उठला. टीव्हीपुढे एवढा आरडाओरडा झाला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

आरडाओरड्यात प्रयागबाई तेवढ्या टीव्हीजवळ सरकल्या. "धरला डावा," त्या म्हणाल्या, "आन् लंगडतोय उजव्यानं."

आबांनी टीव्हीला हात जोडले.

चेंडू दिग्विजयकडे एकदाही आला नाही. तो गोलात उभा राहिला, हातमोजे नीट केले, आणि मॅच संपली. गावानं फटाके उडवले.

खरं काय झालं ते मे महिन्यात दिग्विजय घरी आला तेव्हा कळलं. क्लबनं त्याला नवा करार दिला होता, तोही पहिला गोलकीपर म्हणून. कारण लालरेमला काढून टाकलं होतं. ऑपरेशन झालेला गुडघा पुन्हा गेला, असं क्लबनं धरलं. गुडघ्याला काही झालं नाही हे सांगायचं, तर खोटं बसलो हे सांगावं लागलं असतं. तो गप्प राहिला आणि मिझोरामला गेला.

आबांनी अंगणातूनच दिग्विजयकडून लालरेमला फोन लावून घेतला. आवाज मोठा ठेवला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"रेमराव, पाळी फेडायची राह गयी," आबा म्हणाले. "अब कैसा फेडू? तुम्हारा तो रानच गया." आजवर या माणसानं कुणाचं घोटभर पाणी ठेवून घेतलं नव्हतं.

पलीकडून लालरेम म्हणाला, "काका, आपके लड़के ने तो बॉल को हाथ भी नहीं लगाया. उसको बोलो, अगली बार लगाए." आणि तो हसला. आबा हसले नाहीत.

गावानं सत्काराची तयारी केली होती. फेटे आले होते, हलगीवाले ठरले होते. आबा ग्रामपंचायतीत गेले आणि म्हणाले, सत्कार रेमरावाचा करा. तो आपल्या गावचा नाही, असं सरपंच म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. एवढं ठाम बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. सत्कार राहिला. फेटे दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात गेले.

दिग्विजय नव्या हंगामाला निघाला तेव्हा हलगी नाही, फ्लेक्स नाही. आबा, प्रयागबाई आणि मी, असे तिघेच स्टँडवर होतो. त्यानं पाया पडून पिशवी उचलली. एसटी लागली. आबा खिडकीपाशी गेले.

"चेंडू आला की सोडू नगंस," ते म्हणाले. "दोघांच्या वाटणीचा धर."