रस्ता नसलेली जमीन

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत जेवढे म्हणून चिखल आहेत, तेवढे सगळे माझ्या थोरल्या जाऊबाईंना ओळखतात. ओळखतात आणि थोडे घाबरूनही असतात. माणसांचंही तेच. माजिवड्याच्या नाक्यावर हिरव्या रंगाचा, पुढून बैलासारखा दिसणारा एक जुना फोर-बाय-फोर पिकअप दिसला आणि स्टिअरिंगच्या वर फक्त एक अंबाडा आणि दोन डोळे दिसले, की रिक्षावाले आपोआप बाजूला होतात. आत कोण आहे हे त्यांना माहीत असतं. आणि ती व्यक्ती हॉर्न वाजवत नाही, थांबतही नाही, हेही माहीत असतं.

घरात सगळे त्यांना 'मोठी बाय' म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी डोंबिवलीची, शाळेत मराठी शिकवणारी, लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला शेत आणि मैदान यातला फरक लांबून कळत नसे. बायचं माहेर खाडीपलीकडचं. लहानपणी त्यांनी मिठागरात टोपल्या वाहिल्या, पुढे भावाच्या विटांच्या टेम्पोवर गाडी शिकल्या, तीही सगळे जेवायला बसल्यावर, कुणाला न विचारता. आमच्या घरची वडिलोपार्जित शेती कधीच टॉवरखाली गेली. आम्ही आता त्याच जमिनीवर नवव्या आणि दहाव्या मजल्यावर राहतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाकडे एक पांढरी, उंच, चकचकीत गाडी आहे. त्या गाड्यांना चारही चाकांची ताकद आहे असं म्हणतात, पण त्या कधी डांबराखाली उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. बायच्या दोन्ही मुलांनी आईलाही तशीच एक घेऊन द्यायचं ठरवलं होतं. बायने रंग विचारला, पांढरा म्हटल्यावर पुढचं काही ऐकून घेतलं नाही आणि पंधरा दिवसांनी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, चल जरा बदलापूरकडे जाऊ, एक जुनी गाडी बघायची आहे. तेव्हा त्यांचं वय एकसष्ट होतं.

गाडी विकणारा माणूस खदानीच्या धंद्यातला होता. मीही बरोबर गेले होते, पण तो सगळं माझ्या नवऱ्याशी बोलत होता, कारण आमच्यात पुरुष तो एकटाच. माझ्या नवऱ्याला गाडीतलं पेट्रोलचं झाकण तेवढं ओळखता येतं, त्यामुळे तो मान हलवत होता. बायने पर्स माझ्या हातात दिली, जमिनीवर गोणपाट टाकलं, पदर खोचला आणि सरळ गाडीखाली शिरल्या. आतून हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले. दर ठोक्यानंतर त्या थांबून कान देत. नंतर मला समजावलं, की खणखणीत वाजलं तर लोखंड आणि बद्द वाजलं तर गंजावर लावलेली पुट्टी. बाहेर आल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. तो गरम होता. म्हणजे आम्ही यायच्या आधीच या गृहस्थाने इंजिन सुरू करून ठेवलं होतं, थंड गाडी किती कुरकुरते ते कळू नये म्हणून. बायने पिशवीतून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली आणि गाडी थंड होईपर्यंत तिथेच कट्ट्यावर बसून राहिल्या. अडीच तास. त्या माणसाने चहा पाठवला, मग सरबत पाठवलं, मग स्वतः येऊन बसला आणि शेवटी गाडीत काय काय बिघडलंय ते आपणहून सांगून टाकलं. तरीही बायने ती घेतली. एवढं खोटं बोलून झाल्यावर जो माणूस खरं बोलतो तो मग सगळंच खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

पुढचे सहा महिने तो पिकअप कल्याणला एका मेस्त्रींकडे होता. हे मेस्त्री बायच्याच वयाचे, अतिशय सज्जन आणि तितकेच हट्टी, त्यामुळे दोघांची रोज भांडणं होत आणि रोज काम पुढे सरके. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये बायने एक पाटा वाढवून घेतला, चाकं मोठी बसवली, पुढे बंपरला तारेचा दोर गुंडाळणारी विंच लावली. मेस्त्री म्हणाले, ताई, एवढ्या उंच गाडीत तुम्ही चढणार कशा? तर बायने दाराखाली लोखंडी पायरी वेल्ड करून घेतली, साडी अडकू नये म्हणून तिची टोकं घासून गोल केली, आणि सीटखाली देवघरातला एक जुना पाट घातला, कारण त्याशिवाय त्यांना समोरचं दिसत नव्हतं. मागच्या उघड्या हौद्यावर कमानी टाकून ताडपत्री आली, दोन्ही बाजूंना बसायला बाक आले. मुलांना वाटलं आई आता लाइनीवर येतेय. त्यांनी छतावर दिव्यांची रांग, काळ्या काचा आणि मोठे स्पीकर सुचवले. बाय म्हणाल्या, हळदीला मिरवायची गाडी नाय ही. विषय संपला. दर काही वर्षांनी पासिंगची वेळ येते तेव्हा विंच, पायरी, मोठी चाकं, सगळं उतरवून गाडी अगदी सोज्वळ करून नेतात, आणि परत आल्यावर दोन दिवसांत ती पुन्हा बैल होते.

बिल्डिंगमध्ये मात्र खरा वाद झाला. आमच्या टॉवरच्या कमिटीने पत्र पाठवलं, की माल वाहणारी कमर्शियल गाडी पार्किंगमध्ये उभी करता येणार नाही. सेक्रेटरी साहेब मुद्दाम वर येऊन नम्रपणे समजावून सांगायला लागले. बायने त्यांना पाणी दिलं, बसवलं, खिडकीपाशी नेऊन खालची पार्किंगची जागा दाखवली आणि म्हणाल्या, "साहेब, ही जमीन आमची होती तवा तिथं माझ्या म्हशी बांधलेल्या असायच्या. त्या पन कमर्शियलच होत्या." सेक्रेटरी साहेब गेले. पिकअप आजही तिथेच उभा आहे.

आम्हा सगळ्यांना हा म्हातारपणीचा छंद वाटत होता. तो छंद नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

टिटवाळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, आमची थोडी भातशेती राहिली होती. सासऱ्यांनी ती घेतली तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं लावली. दोन मुलांची आणि तिसरं थोरल्या सुनेचं, कारण शेतात राबणारी तीच होती. या जमिनीला रस्ता नव्हता. मधे एक ओढा, पुढे चिखलाची वाट, पावसाळ्याचे चार महिने तिकडे जाणं बंद. मजूर येईनात, शेत पडीक पडलं, आणि एक बरंसं गिऱ्हाईक आलं तेव्हा विकून टाकावं असं सगळ्यांचं ठरलं. सगळ्यांचा मुद्दा एकच होता, की रस्ताच नाही तर ठेवून करायचं काय. बायने तेव्हा वाद घातला नव्हता. त्यांनी फक्त सही केली नाही, आणि रस्ता लागणार नाही अशी गाडी शोधायला सुरुवात केली.

ही गोष्ट बाहेर आली ती श्रावणात. गिऱ्हाइकाचा माणूस कागद घेऊन घरी आला होता. माझे थोरले दीर कोपऱ्यात बसून होते. ते मुळात फार कमी बोलतात. दोन्ही पुतणे आळीपाळीने आईला समजावत होते. पुन्हा तेच, रस्ता नाही, कोण जाणार. बाय आत गेल्या, किल्ली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, चला, बसा गाडीत, सगळ्यांनी.

कुणाला नाही म्हणता आलं नाही. दीर पुढे बसले, आम्ही बाकीचे हौद्यात. कागद घेऊन आलेला माणूसही, पांढऱ्या पँटमध्ये. टिटवाळा सोडल्यावर डांबर संपलं, मग खडी संपली, मग तो ओढा आला, लाल पाण्याने भरून वाहणारा. बायने गाडी थांबवली. खाली उतरून साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, हातात काठी घेतली आणि त्या पाण्यात स्वतः चालत पलीकडे जाऊन आल्या, तळ चाचपत. मग वाकून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवले, म्हणजे पुढची चाकंही जोर लावायला लागतात, आत बसून गिअरशेजारची दुसरी छोटी दांडी ओढली आणि गाडी मुंगीच्या चालीने पाण्यात घातली. पाणी दारापर्यंत आलं. मी डोळे मिटले. तो पांढऱ्या पँटवाला ताडपत्रीच्या कमानीला मिठी मारून काहीतरी पुटपुटत होता. माझ्या नवऱ्याने माझा हात धरला होता, लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत.

चढ चढून गाडी वर आली आणि थांबली. समोर पडीक जमीन असणार असं आम्ही धरून चाललो होतो. समोर भात होतं. बांधापासून बांधापर्यंत लावणी झालेली, हिरवीगार, वीतभर वाढलेली रोपं. जवळच्या पाड्यावरच्या चार बायांना हौद्यात बसवून बायने महिनाभर खेपा घातल्या होत्या आणि घरी मात्र देवळात जाते म्हणून सांगितलं होतं.

आधी थोरला पुतण्या बोलला. तो वाईट मुलगा नाही, आईवर त्याचा जीव आहे. त्याने आवाज न चढवता विचारलं, "आई, तू आहेस तोवर ठीक. तुझ्यामागे इथे कोण येणार?"

त्याला खोटं म्हणता येत नव्हतं. मी खाली बघितलं, कारण माझा मुलगाही आला नसता.

बाय म्हणाल्या, "माझ्यामागचं तुमी बघा. मी हाय तवर मी येनार."

तेव्हा थोरले दीर गाडीतून उतरले, बांधापर्यंत चालत गेले, वाकून एका रोपाला हात लावला आणि परत येऊन म्हणाले, की ते स्वतःच्या हिश्श्याची सही देतील, पण हिच्या हिश्श्याला कुणी हात लावायचा नाही. एवढंच. माझ्या नवऱ्यानेही सही केली. मी त्याला अडवलं नाही. बायने आम्हाला कधी त्यावरून बोल लावला नाही, पण त्या संध्याकाळी ओढा ओलांडताना त्यांनी हौद्यातल्या आम्हा सगळ्यांना जरा जास्तच आपटलं, असं मला अजून वाटतं.

दोन भाग विकले गेले, ओढ्याकडचा तिसरा बायचा राहिला. आणि मग जे कुणाच्याच मनात नव्हतं ते झालं. जमीन घेणाऱ्याने तिथे फार्महाऊसचे प्लॉट पाडले आणि त्यासाठी रस्ता केला. ओढ्यावर मोरी बांधली, वर गुळगुळीत सिमेंट, दोन्ही बाजूंना झाडं, सुरुवातीला मोठी कमान. रस्ता थेट बायच्या बांधाला लागून गेला. पुतण्यांनी पेढे आणले. आई, आता तुझ्या शेतावर कुठलीही गाडी जाते, म्हणाले. बायने पेढा हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला.

पहिले काही महिने बाय त्या सिमेंटवर चढल्याच नाहीत. मोरीच्या शेजारून, जुन्या उतारावरून, ओढ्यातूनच गाडी घालत. पुढे तिथे कुंपण आलं तेव्हा नाइलाज झाला. कमानीपाशी वॉचमन वही पुढे करतो, नाव आणि कुणाकडे जायचंय ते लिहायला. बायने आजवर लिहिलेलं नाही. मी माझ्या शेतावर जातेय, तुझ्या मालकाला सांग, तो येईल तेव्हा त्याने माझ्याकडे नाव लिहायचं, हे त्यांनी त्याला एकदा शांतपणे समजावलं. तेव्हापासून तो लांबूनच दांडा वर करतो आणि सलाम ठोकतो.

परवा भात कापणीला आलं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. बाय आता सत्तरीला टेकल्यात. गाडी त्या गुळगुळीत रस्त्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चालली होती. कुठे उतरायचं नव्हतं, पाणी चाचपायचं नव्हतं, हब फिरवायचे नव्हते. छोट्या दांडीवर त्यांचा हात उगाच टेकलेला होता. बांधाशी पोचल्यावर त्या बराच वेळ खाली उतरल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मास्तरीण, तुझ्या फोनवर जमिनी दिसतात ना गो? मुरबाडच्या पुढं बघ जरा. रस्ता नसलेली."

मी हसले. मग बघितलं, तर त्या हसत नव्हत्या. मी म्हटलं, बाय, तिथेही कधीतरी रस्ता येईलच की.

"येल ना," त्या म्हणाल्या. "पन त्याला धा वर्सं तरी जातील."

त्यांच्या वयात मी ती दहा वर्षं मिळवून पाहिली आणि फोन बाहेर काढला. त्या माझ्या फोनकडे बघत होत्या. डोंगराच्या त्या कुशीत रेंज येत नव्हती. तरी मी बोट फिरवत बराच वेळ शोधत राहिले.