कुंकवाचा कोपरा

पोस्टकार्डाला चार कोपरे असतात आणि चारही लागतात. एवढी साधी गोष्ट समजायला मला अमरावतीच्या कॉलेजात तीन वर्षं घालवून परत कामरगावला यावं लागलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या एका प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं होतं की निरोप कशातूनही पाठवा, त्या माध्यमाला चार अंगं असतात: ते कशाचं बनलंय, कोणत्या इंद्रियाला कळतं, किती वेळात नि किती जागेत पसरतं, आणि कोणत्या खुणांनी बोलतं. "नुसता कागदही बोलतो," असंही म्हणाले. मी चारही अंगं वहीत उतरवली आणि डोक्यात एकच ठेवलं: अक्षरं! (परीक्षेला तेवढं पुरलं. घरी पुरलं नाही.)

घरी माझ्या मोठ्या बहिणीचं, कमलताईचं, लग्न जुळत होतं. आधीची दोन स्थळं हातातोंडाशी येऊन गेलेली. तिसरं शेलूबाजारचं. मुलगा पाहून गेला आणि कधी मान वर करून न बोललेली ताई चुलीपाशी बसून स्पष्ट म्हणाली, "माय, मले हाच पाह्यजे. हे मोडलं त मी पुन्ना कोनापुढं पोह्याची बशी घेऊन उभी राहनार नाई."

शेलूबाजारचा होकार आला आणि बाबांनी मला कार्ड लिहायला बसवलं. मजकूर एका ओळीचा: रविवारी साक्षगंधाला या. (साक्षगंध म्हणजे तुमचा साखरपुडा.) मी वळणदार अक्षरात लिहून काढलं, तोवर माय हळद-कुंकवाची वाटी घेऊन हजर.

"थांब, चारी कोपऱ्याले लावतो."

"माय, अर्थ अक्षरात असते. कुकवात नाई!"

"तुया प्रोफेसराच्या घरी कोनाचं लगन झालं नाई काय?"

आणि तिनं ओलं बोट पहिल्याच कोपऱ्याला टेकवलं. कुंकू ओघळलं ते थेट 'रविवारी'वर! शाई पसरली, वार गायब. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं, माय तिकडं पळाली, आणि मी तो कोपरा अलगद फाडून टाकला. मधल्या जागेत 'रविवारी' पुन्हा लिहिलं नि सायकल मारत जाऊन कार्ड पेटीत टाकलं. मजकूर शाबूत होता. कोपऱ्याचं काय घेऊन बसलात!

आता, आमच्याकडं मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. असं पत्र घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच त्याचे तुकडे करतात. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. ठाऊक होतं. पण ते मी अडाणी लोकांसाठी राखून ठेवलं होतं!

गुरुवारी मी साक्षगंधासाठी ओसरीला चुना मारत होतो. (भिंतीला कमी, मला जास्त.) दारात जीप थांबली आणि एकदम रडारड सुरू झाली. नऊ माणसं उतरली. पुढं नवऱ्या मुलाची आत्याबाई, म्हणजे त्या घरचं हायकोर्ट. मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, ब्रश हातात घेऊन सामोरा गेलो.

आत्याबाईंचा हंबरडा अर्ध्यात थांबला. "अगं माय वं! हा त उभा हाय!"

"कोन?"

"मयत!"

जीपवाल्यानं गाडी सुरू केली. बाबा धावत बाहेर आले. "काय झालं पाव्हणे? कोन गेलं?"

"तेच त आमी तुमाले इचारून राह्यलो!" मुलाचे वडील म्हणाले. "तुमचं फाटकं पत्र आलं. कामरगावचा शिक्का. आमी म्हनलं, पोरगं गेलं."

"पन वाचलं नाई काय?" मी ओरडलो.

"फाटकं पत्र कोनी वाचते काय रे बयताडा?" आत्याबाई. "दारातच फाडून टाकलं."

"मंग मीच मेलो हे कोनं ठरवलं?"

"मीनं!" आत्याबाई म्हणाल्या. "पोरगी पाहाले आलो तवाच म्हनलं होतं, हे लेकरू लय वाळेल हाय, टिकत नाई." सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या शेजाऱ्यानंसुद्धा!

बाबा माझ्याकडं वळले. "कोपरा कोनं फाडला?"

"कुकू पसरलं... म्हनून..."

"कुकवाचा कोपरा फाडला?" आत्याबाई कडाडल्या. "शुभ कामात असा अपशकुन! ही सोयरीक होत नाई. चाला, बसा जीपमंदी!"

ताई चौकटीला धरून उभी होती. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडं पाहत होती. तिचा संसार मी माझ्या हातानं, तोही अलगद, फाडला होता.

"थांबा!" बाबा म्हणाले. "लाज वाटत होती म्हनून मी अन् पोट्टं, दोघंई येड पांघरून होतो. सोमवारी या पोट्ट्याच्या डोक्शावर कावळा बसला."

सगळे जागच्या जागी थबकले. डोक्यावर कावळा बसला की मरण जवळ आलं समजतात. उतारा एकच: आपल्या माणसांना मेल्याची खोटी खबर धाडायची. ती खरंखुरं रडतात, आणि मरण टळतं.

"रडाले आपलीच मानसं लागतात," बाबांनी हात जोडले. "मी म्हनलं, आता शेलूबाजारचेच आपले. म्हनून फाटकं पत्र तुमालेच धाडलं. चुकलं असन त माफ करा."

बाबांना खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि काय सफाई! आत्याबाई विरघळल्या. "एवढं आपलं मानलं आमाले! मंग आंधी सांगाचं ना!" आणि माझ्याकडं वळून, "कोन्या बाजूनं बसला रे?"

एका बाजूला माझी तीन वर्षांची विद्या. दुसऱ्या बाजूला ताई.

"डाव्या," मी म्हणालो.

"डाव्या? लय वाईट! मंग आमचं रडनं पुरलं नाई. बस खाली!"

मला अंगणात मधोमध बसवलं आणि नऊ माणसं भोवती बसून माझ्यासाठी नव्यानं रडली. चुना वाळून माझा चेहरा इतका कडक झाला होता की मला हलताही येईना. (आत्याबाई म्हणाल्या, "पाहा, कसं पडेल हाय तोंड!") सगळ्यांत जास्त बाबा रडले, आणि ते सोंग होतं असं मला आजही वाटत नाही. ताई तोंडावर पदर घेऊन गदगदत होती. ती हसत होती.

चहा झाला. आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. "बरं, त्या पत्रात लिवलं काय होतं?"

"रविवारी साक्षगंधाले या," मी म्हणालो.

"येतो ना! त्यात लिवाचं काय होतं?"

साक्षगंध झालं, महिन्याभरात लग्नही लागलं. मांडवात शेलूबाजारची माणसं नवरा-नवरी सोडून मलाच पाहायला येत होती. आत्याबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेकाला मोठ्या प्रेमानं ओळख करून देत होत्या: "हा नवरीचा भाऊ. मागच्या महिन्यात वारला होता, आता बरा हाय."