त्याच्या ताटलीतला दूधभात

बायको गेल्यावर मी वर्षभर मासे सोडले. तिला बांगडा फार आवडायचा, म्हणून. रत्नागिरीत राहून हे सोपं नव्हतं, पण तेवढं तरी तिच्यासाठी करावं असं वाटलं. घरात मी आणि आमचा कुत्रा, दोघेच. मासेच शिजेनात, तेव्हा त्यालाही दूधभात सुरू झाला.

ती असताना त्याचं जेवण वेगळं शिजे. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद अजून फ्रिजवर आहे : काटे काढलेले मासे किंवा कोंबडी, अंडं, थोडं काळीज, भोपळा, चमचाभर तेल, कॅल्शियमची पूड. भात बेताचाच. मीठ, कांदा नाही. ती सगळं तोलूनमापून करी.

"माझी कधी एवढी बडदास्त ठेवली नाहीस," मी म्हणायचो.

"तुम्ही हवं ते मागून घेता. त्याला मागता येत नाही."

दारावर येणारी मासेवाली एकदा बोललीच. "मास्तर, नेम तुमचा. त्यानं कधी धरलान?"

"पोटभर जेवतो तो," मी म्हटलं.

जेवायचा खराच. ताटली चाटूनपुसून लख्ख करायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. मला वाटे, त्यालाही तिची आठवण येतेय. आपण दोघं मिळून दुःख करतोय, या कल्पनेनं मला बरं वाटायचं.

पुण्याहून मुलगी फोनवर विचारी, "बाबा, कागदाप्रमाणे देताय ना?"

"देतो की."

मग त्याचे केस गळू लागले. पाठीची हाडं वर आली. भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत मला मागे टाकून धावणारा कुत्रा घराच्या तीन पायऱ्या चढेना. डॉक्टरांनी त्याच्या मांडीवरून हात फिरवला.

"नुसत्या दूधभातानं पोट भरतं, मास्तर. अंगाला हवं ते मिळत नाही. किती महिने चाललंय?"

"थोडेच दिवस," मी म्हणालो. तिथंही खोटं.

त्याच दिवशी कोंबडी आणून शिजवली. त्यानं खाल्ली, पण अंग धरलं नाही. पंधरवड्यात गेला.

मुलीला सांगितलं, वय झालं होतं. सात वर्षांचा होता तो. ती रडत म्हणाली, "तुम्ही शेवटपर्यंत त्याचं सगळं केलंत, बाबा." मी ते ऐकून घेतलं.

बाळ, डॉक्टरांकडे नेईपर्यंत कागदाप्रमाणे मी एक दिवसही दिलं नव्हतं. आणि तुझी आई म्हणायची तसंही नव्हतं. तो मागत होता. रोज, ताटली चाटून झाल्यावर.