कमानीवरची पाल

टर्पेंटाइनचा वास आला की मला नौपाड्यातली ती कमान आठवते. इंग्रज गेलेले आणि लाटसाहेबाला आता राज्यपाल म्हणायचं होतं. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो; दुसरीत शाळा सोडलेली, पण पाटीवरचं अक्षर माझं छापल्यासारखं. राज्यपाल गावात येणार म्हणून स्वागत समितीच्या चिटणिसांनी कमानीवरच्या मजकुराचा कागद दिला, तो मी पत्र्यावर ओळीला ओळ उतरवला. पत्रा कमानीवर चढला, पोलीस रस्त्यावर उभे राहिले, आणि चिटणीस वर बघून पांढरेफटक पडले. वरच्या ओळीत ‘मुंबईचे राज्य’ आणि खालच्या ओळीत ‘पाल यांचे स्वागत असो’. “अरे, पालीचं स्वागत करतोस?” मी म्हणालो, “कागदात ओळ तिथेच मोडलीय.” “कागद संपला म्हणून मोडली रे! आता गावात एक तरी पाटी मिळते का बघ तुला.” मिठागरावरचा एक म्हातारा गर्दीतून म्हणाला, “लाट गेले नि पाल आली.” लोक हसले. तेवढ्यात मोटारींचे भोंगे ऐकू आले. मी शिडी चढलो. रंग अजून ओला होता. टर्पेंटाइनच्या बोळ्याने खालची पाल पुसली आणि वर ‘राज्य’ला लागून, पत्र्याच्या कडेला, बारीक अक्षरांत चिकटवली. शेवटचा ‘ल’ झाला आणि मोटार खालून गेली. आतून कोणी मान वर केली नाही. “गोरा लाटही असाच जायचा,” म्हातारा म्हणाला. चूक कागदाची होती, हे मी आजही सांगतो. फक्त तेव्हापासून रंगाला हात लावण्याआधी मजकूर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेत आलो.