बंद पंख्याखालचं यान

परवा दाराला ऑइलपेंट लावायला थिनरची बाटली उघडली, आणि त्या वासासरशी मी तलासरीच्या आमच्या जुन्या खोलीत बाबांशेजारी जाऊन बसले.

एसटीतून रिटायर झाल्यावर बाबांना एक वेड लागलं होतं. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून ते जुन्या विज्ञानकथांतली अंतराळयानं बनवायचे. त्या दुपारी त्यांनी एका लांबट, राखाडी यानाच्या बारीक खिडक्या पिवळ्या रंगवल्या आणि वरोरच्या कोळ्यांकडून आणलेल्या तंगुसाच्या, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्यानं ते पंख्याला टांगून वाळत ठेवलं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद होता, खिडक्याही लावलेल्या होत्या.

तरी यान हळूहळू झुलू लागलं.

"पंखा लावलास का गं?"

"नाही बाबा, बंदच आहे."

बाहेर कोंबड्या एकदम गप्प झाल्या. यान आता गोल फिरत होतं. बाबा लहान मुलासारखे हसले. "बघ, उडतंय!" मीही हसले.

मग जमिनीखालून सुरुंग फुटल्यासारखा आवाज आला. भांडी कोसळली. बाबांचा हात धरून मी त्यांना अंगणात ओढलं. मागे वळून पाहिलं, तर आम्ही बसलो होतो तिथेच भिंतीचा तुकडा पडला होता.

पुढे भूकंपाचे धक्के आमच्या सवयीचे झाले. त्या पहिल्या दिवसाची भीती मात्र आता जास्त वाटते. जमीन केव्हाच हलू लागली होती, आणि आम्ही दोघं मान वर करून कौतुकानं बघत बसलो होतो.