पाठीमागे ओतलेलं पाणी

साताऱ्याहून ठाण्याला जायचं म्हणजे मला शिक्षाच वाटते. पण बालमैत्रीण मेधाने बोलावलं, म्हणून गेले. देश सोडून आलेल्या बायकांचं मन सावरायला मदत करणं हे तिचं काम. म्हणजे बहुतेक वेळा ती ऐकत बसते. वागळे इस्टेटजवळच्या तिच्या घरी चहा झाला आणि आम्ही रिक्षाने डोंबिवलीकडे निघालो. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो. धुराने माझं डोकं उठलं. तेवढ्या वेळात मेधाने सगळं सांगितलं.

फरीदा काबूलची. तिकडे घरातून निघालेल्या माणसाच्या पाठीमागे भांडंभर पाणी ओततात, म्हणजे तो सुखरूप परततो. एका सकाळी गडबडीत तिचं ते राहून गेलं आणि नवरा परतलाच नाही. तेव्हापासून ती दिसेल त्याच्या मागे पाणी ओते. डोंबिवलीजवळच्या चाळीत राहायला आल्यावर, शेजारच्या सुजाताचा नवरा कामावर निघाला तेव्हाही तिने ओतलं. आपल्याकडे कोणी बाहेर पडल्यावर लगेच केरसुद्धा काढत नाहीत; पाणी ओतून घर धुतात ते मयत उचलल्यावर. आणि त्याच दिवशी तो माणूस कारखान्यात गॅसने गुदमरून गेला.

चाळीने फरीदाशी बोलणं टाकलं. तिनेही उंबरा ओलांडणं सोडलं. घरमालक खोली रिकामी करा म्हणतोय. सुजाता एकदा तिच्यासमोर बसली तर काही फरक पडेल, एवढीच मेधाची आशा होती.

आम्ही पोचलो तेव्हा फरीदाने बोलानी (कांद्याची पात आणि बटाटा भरलेली पातळ पोळी) केली होती. चवदार होती, पण तिने स्वतः तुकडा मोडला नाही. मी आपल्या सवयीने विचारून बसले, गावी कधी जाणार? मेधाने माझ्याकडे रोखून पाहिलं. आता गाव उरलेलं नाही, असं फरीदा सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत शांतपणे म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेधाने कितीदा तरी विनवल्यावर सुजाता आली आणि दारातच थांबली.

"तिची चूक नाय, कळतं मला ताई," ती मेधाला म्हणाली. "पण ते पाणी डोळ्यासमोरून जात नाय."

त्यातलं 'पाणी' फरीदाला समजलं. माझ्या हातातच काहीतरी वाईट आहे, ती भिंतीकडे बघत म्हणाली. ओतलं नाही तरी माणूस जातो, ओतलं तरी जातो. मेधा बरंच समजुतीचं बोलली. मला पटलं, त्या दोघींना नाही.

बऱ्याच वेळाने सुजाता आत येऊन खाली बसली.

"सांगा तिला. नवीन कंपनीत पहिला दिवस होता त्यांचा. मी हातावर दही घातलेलं. माझ्या हाताने."

आमच्यात निघणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून दही घालतात, हे मेधाने हिंदीत सांगितलं. फरीदाने मान वळवून सुजाताकडे पाहिलं. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही.

मी साताऱ्याला परतले आणि काही दिवसांनी मेधाचा फोन आला. घरमालकाने ऐकलं नव्हतं. फरीदाने खोली सोडली होती. मला घरमालकापेक्षा चाळीचा जास्त राग आला. परक्यांना आपल्यात सामावून घेण्यावर आपण किती बोलतो. त्या भरल्या चाळीतून तिची पिशवी उचलून रस्त्यापर्यंत सोडायला गेली ती एकटी सुजाता.