ब्लॉक दोनची लाल पट्टी

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचते, पण घाबरायला नाही, करमणुकीसाठी. बाभळीखाली लिफ्ट मागणारी बाई, तिचे उलटे पाय... इतक्या वर्षांत आपल्याकडच्या भुतांना कुणी नवं काम दिलेलं नाही. शिरपूर जैनला आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी दुकानाच्या दाराला कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही. म्हणायचे, लिंबं विकायला आणलीत, लटकवायला नाही. मी त्या घरात वाढले. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भाबडी समजू नये. 'आत्मा' वगैरे शब्दही मी वापरणार नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या, भरल्या मांडवात, समोसे खाणाऱ्या लोकांसमोर झालं.

मी इंझोरीकडच्या एका खासगी सोलर प्लांटवर नोकरीला आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. माझं पद भारदस्त आहे — सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. प्लांटवरची कामं ज्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतात ते मी सांभाळते. कुणाला काय दिसावं, कुणाला दिसू नये, हे ठरवणारी मी एकटीच.

त्यात आमचे दोनच प्रोजेक्ट. 'देखभाल' म्हणजे यार्डात उतरून केबल, ट्रान्सफॉर्मर बघणाऱ्या माणसांची कामं. 'चालू-बंद' म्हणजे कंट्रोल रूमची. दोन्हींमध्ये लिंक असते. देखभालीचं एखादं काम उघडं असलं, की चालू करायचं काम अडतं आणि त्यावर लाल पट्टी येते. कारण साधं आहे. करंट सोडताना पलीकडे माणसाचा हात नसावा.

आता गंमत बघा. लॉगिन वाचवायचे म्हणून यार्डातल्या सगळ्या माणसांना मिळून कंपनीने एकच लॉगिन दिलेलं. एकाने उघडलेलं काम दुसरा बंद करू शकतो आणि सॉफ्टवेअरला दोघे एकच वाटतात. मंगरूळपीरचा देवानंद गवई, आमचा केबल जोडणारा, यावरून माझ्याशी कित्येकदा भांडला होता.

"ताई, मले माह्या नावाचं लॉगिन पायजे."

"वरून परवानगी नाही गवई."

"परवानगी कायले लागते? तुमीच देता ना समद्याइले?"

"मी देते, पण सांगतं दुसरं कोणी."

"मंग तुमी कायच्या अ‍ॅडमिन?" असं म्हणून तो दार आपटून गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

ब्लॉक दोनचं, म्हणजे प्लांटच्या नव्या भागाचं, उद्घाटन ठरलं. कंपनीचे एक बडे संचालक येणार होते. मांडव, फेटे, ड्रोन, आणि स्टेजवर भिंतीएवढा स्क्रीन. साहेबांनी टॅबवर बोट लावायचं, 'ब्लॉक दोन चालू करणे' हे काम हिरवं व्हायचं, आणि ते बघून कंट्रोल रूमने करंट सोडायचा. नारळाच्या जागी टॅब आला होता, बाकी थाट तोच.

आदल्या दिवशी दुपारी त्या कामावर लाल पट्टी दिसली. 'हे काम दुसऱ्या कामामुळे अडले आहे. ते काम ज्या प्रोजेक्टमध्ये आहे तो पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.'

मला परवानगी नाही? मला हसूच आलं. मी लिंक काढली. पान पुन्हा उघडलं, तर लिंक जागेवर. मग रीतसर शोधाशोध केली. सेटिंगमध्ये प्रोजेक्ट दोनच. लपवलेला नाही, कचऱ्यात टाकलेला नाही. उलट बाजूने देखभालीचं प्रत्येक काम उघडून पाहिलं, कुणाचीच लिंक इकडे येत नव्हती. आपोआप चालणारे नियम बंद केले. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत-चॅटवर विचारलं. त्यांचं उत्तर: आमच्याकडे अशी लिंकच दिसत नाही, कृपया रिफ्रेश करा. केलं. पट्टी गेली. मी घरी गेले.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, उत्सुकता ताणायचा मला कंटाळा आहे. उद्घाटनाच्या सकाळी गवई ब्लॉक दोनच्या यार्डात, ट्रान्सफॉर्मरच्या मागे, एक सैल केबल घट्ट करत बसला होता. आणि मांडवातल्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

तो नियमाने गेला होता. काम उघडून, 'माणूस काम करतोय' असे लाल टॅग लावून. दिसतील ते सगळे टॅग, कुणाचे हे न विचारता, आमच्या प्लांट मॅनेजरांनी, मोहिते साहेबांनी, काढायला लावले, कारण ड्रोनच्या फोटोत लाल रंग बरा दिसत नाही. "सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहेच ना?" आणि सॉफ्टवेअरमध्ये सुपरवायझर इंगोलेंच्या माणसाने, स्क्रीनवर सगळं हिरवं दिसावं म्हणून, त्याच सामाईक लॉगिनने उघडी दिसतील ती कामं बंद करून टाकली. गवईचंही. हे सगळं मला नंतर कळलं.

भाषणं झाली. संचालकांनी हसत बोट लावलं.

लाल पट्टी. भिंतीएवढी.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. स्टेजच्या कडेला मी स्क्रीनला जोडलेला लॅपटॉप घेऊन बसले होते, तिथे मोहिते साहेब आले. चेहरा फोटोग्राफरकडे हसरा, आवाज दातांतून. "काढा ते. आत्ता."

मी काढलं. संचालकांनी पुन्हा बोट लावलं. पुन्हा पट्टी.

"आज तमाशा करायचाच असं ठरवून आलात का मॅडम?" मोहिते साहेब म्हणाले.

मागून इंगोले. "म्या तं पयलेच सांगतलं होतं सायेब, कॉम्प्युटरच्या भरोशावर राहू नोका म्हून."

तिसऱ्यांदा लिंक काढायला गेले, तर काढायचं बटणच नव्हतं. त्या जागी दुसरं होतं — 'परवानगीसाठी विनंती करा'. अशी विनंती प्रोजेक्टच्या मालकाकडे जाते. आमच्याकडे मालक म्हणजे मीच. मी ते दाबलं आणि माझ्याच फोनवर विनंती येण्याची वाट बघत राहिले.

फोन गप्प. स्क्रीनवर मात्र, सगळ्या मांडवासमोर, अक्षरं उमटली: 'तुमची विनंती नाकारली आहे.'

मी आजवर बऱ्याच लोकांच्या विनंत्या नाकारल्या आहेत. त्याला बोट लागतं. विनंती आपोआप अडकून राहते, आपोआप हरवते... पण नाकारायला कुणीतरी असावं लागतं.

अंगावर काटा वगैरे आला नाही. मला राग आला. आणि रागात एकच नाव आठवलं, गवई! लॉगिन दिलं नाही म्हणून हा डूख धरून बसला, कुठून तरी पासवर्ड मिळवला आणि आज मला चारचौघांत तोंडावर पाडतोय. शेजारी मोहिते साहेबांनी कंट्रोल रूमला फोन लावलेला. "सॉफ्टवेअर राहू द्या, मी सांगतो तेव्हा थेट चार्ज करा, करंट सोडा." मी गवईला फोन लावला, चांगला झाडायचा म्हणून.

फोन उचलला गेटवरच्या चौकीदार काकांनी.

"गवईचा फोन तुमच्याकडे कसा?"

"इथंच टोपल्यात हाये मॅडम. यार्डात जाताना सारे ठेवतेत ना. गवई आतच हाये अजून."

यार्डात फोन न्यायचा नाही, गेटवरच्या टोपलीत ठेवून जायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. टोपलीत ज्याचा फोन, तो माणूस आत.

मोहिते साहेब फोनवर म्हणत होते, "हां, रेडी?"

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात, मी संचालकांच्या हातातून माइक ओढला. मला फक्त कर्ण्यातून आलेला माझाच आवाज आठवतो — "चालू करू नका! माणूस आत आहे!" तो कंट्रोल रूमपर्यंत ऐकू गेला. त्यांनी हात आवरला.

थोड्या वेळाने गवई मांडवात आला. अंगभर धूळ, हातात पाना. फेटेवाल्यांनी वाट दिली. मी धापा टाकत म्हणाले, "गवई, सॉफ्टवेअरने अडवलं म्हणून वाचलास रे."

तो थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "वाचवलं? काम खोलून गेल्तो म्या. तुमच्याच लॉगिनीनं बंद केलं ना ते? पयले मारून राह्यले अन् वरून वाचवलं म्हनता!"

त्याचं खरं होतं.

कंपनीच्या अहवालात कारण लिहिलंय: इंटरनेटची तांत्रिक अडचण. मला नोटीस मिळाली, सन्माननीय पाहुण्यांच्या हातून माइक घेतल्याबद्दल. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्या दिवसाची नोंद तपासली. लिंक नाही, विनंती नाही, नकार नाही. माझ्या खात्यावरून रिकाम्या जागी काही क्लिक केल्या गेल्या, एवढंच. मांडवातल्या लोकांना विचारलं तर म्हणतात, हो, लाल काहीतरी आलं होतं खरं.

मीही कारणं शोधली. जुनी लिंक अडकून राहिली असेल? पण पट्टी आली आदल्या दुपारी, आणि गवईचं काम उघडलं गेलं दुसऱ्या सकाळी. अडकायला तेव्हा काही नव्हतंच. त्या वेळी तर केबल सैल आहे हेही कुणाला माहीत नव्हतं.

गवईला मी त्याच आठवड्यात त्याच्या नावाचं लॉगिन दिलं, वर न विचारता. तो घ्यायला आला तेव्हा बसला नाही, पाणीही घेतलं नाही. पासवर्ड कागदावर उतरवून घेतला आणि दारात थांबला.

"ताई, ज्यानं तुमची विनंती नाकारली, त्याचं नाव काय आलं होतं स्क्रीनवर?"

"नाव नव्हतं."

"पन नाकारायले लॉगिन तं लागत असन ना?"

"लागतं."

"अन् लॉगिन तुमीच देता."

"हो."

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. "मले मांगू मांगू नाही भेटलं," तो म्हणाला, "मंग त्याले कोनं देलं?"